जव्हारच्या पडवीतली रिकामी माणसं

माझं शिक्षण चौथी. तीही अर्धीच, कारण मिठागराचा हंगाम लागला की बाप शाळेतून उठवून न्यायचा. पण वर्तमानपत्र मी रोज वाचतो, अग्रलेखासकट, आणि जे बघून आलो ते दुसऱ्याकडून लिहून घेण्यातला मी नाही. डोळ्याच्या ऑपरेशनला जव्हारला जायचं म्हटलं की आमच्याकडची म्हातारी माणसं अजून कारणं सांगतात. घाट आहे, थंडी आहे, तिकडे मासळी मिळत नाही. त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. आणखी एका बाईंसाठीही लिहिलं आहे, त्या पुढे येतील.

जूचंद्र सोडताना

डोळे माझे नव्हते, जानकीचे होते. जानकी म्हणजे माझी बायको. तिला दिसेनासं झालंय हे घरात बराच काळ कोणाला कळलंच नाही, कारण आमच्या बायका तांदळाची भाकरी हातावर थापतात. परात, पाणी, पीठ, तवा, सगळं बोटांना पाठ. भाकरी गोल येते, टम्म फुगते, मग डोळ्यांवर कोण संशय घेणार? मीच लोकांना सांगायचो, हिची भाकरी बघा नि मग बोला.

मग एक दिवस पेजेचं पातेलं तिने चुलीच्या कडेला ठेवलं, कडा तिथे नव्हतीच. पाय भाजला. माझी सून सुरेखा त्या वेळी सातिवलीला प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या एका गाळ्यात कामाला होती. नुसती कामाला नाही, तिच्या हाताखाली पॅकिंगच्या बायका होत्या. ती दुसऱ्या दिवसापासून घरी बसली, तिच्या पगारावर चालणारा नातीचा क्लासही बंद पडला. सासूला एकटं सोडायचं कसं? मुलगा टेम्पो चालवतो, तो पहाटे जातो. मी घरात असतो, पण चुलीपाशी माझा काय उपयोग.

गाळ्याच्या मालकाने सुरेखाला निरोप धाडला होता: नाताळपर्यंत जागा ठेवतो, पुढे नाही. दिवाळी होऊन गेली होती. वसईत पैसे देऊन ऑपरेशन करणारे चांगले डॉक्टर आहेत. मुलगा कर्ज काढायला निघाला, मी नको म्हटलं. तेवढ्यात आमच्या जूचंद्र गावच्या मंडळाने जव्हारची बस ठरवली. तिथे एका संस्थेचा दवाखाना आहे, सरकार त्याला हातभार लावतं, गरिबाचं ऑपरेशन फुकट होतं. पुढची बस होळीनंतर. म्हणजे जे व्हायचं ते याच बसमध्ये.

सुरेखाने पिशवी भरून दिली. सासूच्या कानाशी म्हणाली, "आई, डॉक्टरला सगलं खरं सांगा. लाजू नका."

"मी कशाला लाजू? ह्यांना सांग," जानकी म्हणाली.

मनोरच्या पुढे

बस एव्हरशाईन सिटीला थांबली तेव्हा इनास चढला. इनास पश्चिमेकडच्या वाडीवाला, केळी आणि विड्याच्या पानांचा. लेकीकडे एव्हरशाईनला मुक्कामाला आला होता. आमची ओळख बाजारातली, जुनी. त्याच्या उजव्या डोळ्याला मोतीबिंदू, पण तोंडाला काहीही झालेलं नाही.

"नाना, पिशवीत काय मेलंय?" बसायच्या आत त्याने विचारलं.

जवळा होता. सुका, भाजून, कांदा घालून, केळीच्या पानात बांधलेला. तीन दिवस मासळीशिवाय काढायचे म्हटल्यावर दुसरं काय करणार? बसमध्ये वसईच्या सोसायट्यांतली चारदोन माणसं होती, त्यांनी खिडक्या उघडल्या. मी म्हटलं, हवा चांगली असते, घ्या.

सातिवली आली तशी जानकी आपणच म्हणाली, "गाल्यांचा वास आला. सुरेखाचा गेट गेला का वं?" मी हो म्हटलं. गेट बंद होता. आत दिवे होते.

मनोरला हायवे सोडला आणि विक्रमगडचा रस्ता लागला. इथून पुढचं मी आधी बघितलेलं नव्हतं. आमच्याकडे जमीन सपाट, खाडीच्या पाण्याच्या बरोबरीची. जिकडे बघाल तिकडे आभाळ खाली टेकलेलं. इकडे रस्ता वाकडा होऊन वर चढायला लागतो आणि प्रत्येक वळणाला दुसरीच दरी. भात कापून खळ्यावर आलेलं. घरांच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वरून शेणाने सारवलेल्या. आणि उतारावर पिवळी फुलं, शेतंच्या शेतं. कंडक्टर म्हणाला, खुरासणी, तेल काढतात.

मी जानकीला सांगत होतो. तिने विचारलं, "पिवली म्हंजे कशी? हलदीसारखी?"

"हळदीपेक्षा उजळ."

"लग्नातल्या का जेवनातल्या?"

इनास हसला. पण प्रश्न बरोबर होता. लग्नातली हळद ओली असते, तिचा पिवळा वेगळा. मी पुन्हा खिडकीतून बघितलं आणि म्हटलं, लग्नातली. ती खिडकीकडे तोंड करून राहिली.

घाटात एका वळणाला माझी पिशवी रॅकवरून खाली आली आणि जवळा इनासच्या मांडीवर सांडला. त्याने शिव्या दिल्या, मग चिमूट उचलून तोंडात टाकली, मग म्हणाला, "बरा झालाय." त्याने बदल्यात सुकेळी काढली. सुकेळी म्हणजे आमच्या वसईची उन्हात सुकवलेली केळी, गुळासारखी. असं खात खात आम्ही जव्हारला पोचलो.

दवाखाना, पहिला दिवस

दवाखाना टेकडीवर, लांबलचक, कौलारू. पुढे पडवी. थंडी आमच्याकडच्या पौषासारखी, आणि हा तर कार्तिक होता. स्वच्छता मात्र अशी की मी चपला बाहेर काढल्या आणि पाय पण पुसले.

पहिली तपासणी भिंतीवरच्या तक्त्याची. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी फणीसारखी खूण असते, वरच्या ओळीत मोठी, खाली खाली बारीक. फणीचे दात कुठल्या बाजूला आहेत एवढं सांगायचं. तपासणारी मुलगी नाशिककडची, तिला सगळे ताई म्हणत.

"आजी, दात कुठं आहेत?"

"मागचं दोन रायलंत," जानकी म्हणाली.

"तुमचे नाही हो. त्या खुणेचे."

जानकीने भिंतीकडे मान पुढे केली आणि म्हणाली, "खाडीकडं."

ताईला कळेना. आमच्याकडे डावंउजवं कोण म्हणत नाही. पश्चिमेला खाडी, उगवतीला तुंगारेश्वरचा डोंगर. भांडं सरकवायचं झालं तरी आम्ही म्हणतो, डोंगराकडे सरकव. गावात जन्म गेला, कधी अडलं नाही. इथे चहूबाजूंनी डोंगर आणि खाडीचा पत्ता नाही. ताईने पुन्हा विचारलं, जानकी म्हणाली, "डोंगराकडं." ताई म्हणाली, "कुठल्या डोंगराकडं, आजी?" रांगेतली माणसं हसायला लागली.

मला ते आवडलं नाही. मी पुढे झालो आणि सांगितलं, ताई, मी समजावून देतो, ही आमची भाषा आहे. ताईने मला जानकीच्या मागे उभं राहू दिलं. खाडी म्हणजे डावी, डोंगर म्हणजे उजवी, वर आभाळ, खाली जमीन.

आता खरं सांगायचं तर ती परीक्षाच होती. लोक बघत होते. वसईवाले, वाडेवाले, जव्हारवाले. जानकी चाचपडायला लागली की मी तिच्या खांद्यावर बोट ठेवायचो. खाडीच्या खांद्यावर, नाहीतर डोंगराच्या. पन्नास वर्षांचा संसार आहे, तिला कळलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. ताई म्हणाली, "वा आजी." मी खालच्या ओळीपर्यंत नेलं. शेवटच्या दोन ओळींना माझाही अंदाज होता, पण तेवढं चालतं.

ताईने कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "आजींची लांबची नजर छान आहे. ऑपरेशन नको. जवळचा चष्मा देतील, तिकडच्या रांगेत बसा. संध्याकाळच्या बसने परत जाता येईल."

मी जानकीला धरून चष्म्याच्या रांगेत आणलं. इनास तिथेच बाकावर होता, त्याने सगळं बघितलं होतं.

"पास केलंस ना वहिनीला? आता ने घरी. पेढे वाट."

जानकी माझ्याकडे वळली. म्हणजे माझ्या आवाजाकडे वळली, मी जरा बाजूला होतो. हळू बोलली, पण रांगेला ऐकू गेलं. "मना वाटलं तुमी खांदा दाबताव त्यो थंडी वाजतंय म्हनून. मग कललं. तवा मी पन बोलत गेलं, लोक हसत व्हतं. आता सुरेखाला काय सांगू? तुजी सासू पास झाली, तू बस घरात?"

मी म्हटलं, "ओरडू नको."

"मी कवा ओरडलं? जावा, त्या पोरीला सांगून येवा."

मी गेलो. माफी वगैरे मागायची मला सवय नाही. मी ताईला म्हटलं, ताई, तुमची पद्धत बरोबर नाही, मागे माणूस उभा असताना परीक्षा घेत नाहीत, हिची पुन्हा घ्या. ताईने माझ्याकडे बघितलं. तिच्या लक्षात सगळं आलं. बाकीच्या रांगेला तिने थांबवलं आणि मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही दाराबाहेर. पार त्या कडुनिंबापाशी."

कडुनिंबापाशी मी उभा राहिलो. तिथून आतलं दिसत होतं. ताईने तक्ता सोडलाच. जानकीच्या पुढे हातभर अंतरावर बोटं धरली. जानकीला ती मोजता आली नाहीत. ताईने तिचा हात हातात घेतला आणि स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेली. बाहेर आली तेव्हा मला म्हणाली, "उद्या सकाळी पहिला नंबर आजींचा. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू आहे, आत्ता एक करू. आणि तुम्ही पण या तपासून घ्यायला. खालच्या दोन ओळी तुम्ही चुकीच्या सांगितल्यात."

मी म्हटलं, धूळ होती.

पडवी

दुसऱ्या दिवशी जानकीला आत नेलं, इनासलाही. बाहेर पडवीत आम्ही बरोबर आलेली माणसं. करायला काही नाही. म्हणून बघत बसलो, आणि मला वाटतं मी तिथे जे बघितलं ते सांगण्यासारखं आहे.

माझ्या शेजारी विक्रमगडकडचा एक तरुण वारली होता, लक्षा नावाचा. आईला घेऊन आलेला. एरवी तो वीटभट्टीवर जातो, बायको पण. आईला दिसेनासं झाल्यापासून बायको घरी. पलीकडे एक मुलगी, शिवण शिकत होती, आजोबांमुळे क्लास सोडलेला. तिच्यापुढे एक धडधाकट गडी, बैलासारखा, बापाला शौचाला न्यायला घरात माणूस लागतं म्हणून कामाला जात नाही. आमच्या बसमधल्या सोसायटीवाल्या बाई होत्या, जवळ्याला खिडकी उघडणाऱ्या. त्यांनी नवऱ्यासाठी शाळेतली नोकरी सोडली होती. त्या माझ्याशी चांगल्या बोलल्या. जवळा त्यांनी शेवटपर्यंत खाल्ला नाही.

म्हणजे आत जेवढी आंधळी तेवढीच बाहेर डोळस, हात मांडीवर ठेवून बसलेली. आंधळा माणूस एकटा बसत नाही. तो आपल्यापाशी एक कमावता बसवून घेतो.

दुपारी लक्षाने फडकं सोडलं. नागलीची म्हणजे नाचणीची भाकर, काळी, जाड, आणि लाल मिरचीची चटणी. मी माझा जवळा पुढे केला. नागलीची भाकर आमच्या भाकरीसारखी मऊ नसते, चावावी लागते, पण जवळ्याबरोबर तिचा जोड असा जमतो की आमच्या तांदळाने लाजावं. घरी हे बोललो तर चालणार नाही, म्हणून इथे लिहितो. लक्षा म्हणाला, "तुमच्या दर्यातली धूळ चवीला बेस आहे."

मी म्हटलं, "धूळ नाय ती, मासा आहे."

"इतका बारीक? पकडतात कसा?"

मग मी त्याला बोक्षीचं बारीक विणीचं जाळं समजावलं. त्याने मला कारवीची भिंत समजावली. जानकीला बाहेर आणलं तेव्हा आम्ही दोघं पडवीच्या जमिनीवर काडीने घर काढत होतो. तिच्या डोळ्यावर पट्टी, चेहरा शांत.

"दुखलं का गो?"

"नाय. आतली बाई गाना बोलत व्हती. बरा गला हाय तिचा."

तिसरा दिवस

पट्टी सोडायच्या वेळी सरकारी ऑफिसातून एक मॅडम आल्या होत्या. चाळिशीच्या, साधी साडी, बरोबर कोणी लवाजमा नाही. वसई-विरारकडेच असं ऑपरेशन टेबल सुरू करावं का, की बसनेच माणसं इकडे आणावीत, याबद्दल त्या लोकांची मतं घेत फिरत होत्या. पडवीत येऊन बसल्या आणि सरळ विचारायला लागल्या. मला ते आवडलं.

मला म्हणाल्या, "आजोबा, आजी काय काम करतात?"

"घरचं."

"म्हणजे कमाई नाही." त्यांनी वाईट हेतूने नाही म्हटलं. पुढे म्हणाल्या, "मला पटतं हो. पण वर विचारतात, एवढा पैसा घालायचा, तो या वयाच्या माणसांवर घालून परत काय येणार?"

इनास डोळ्यावर हात धरून बाजूला बसला होता. म्हणाला, "मॅडम, ह्याला विचारू नका. हा सोडत नाही."

मी सोडलं नाही. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही खारजमीन बघितली आहे का? खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा बांध असतो. आमच्या लहानपणी बांध फुटला की गावात हाक पडायची आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन जायचा. ज्याचं शेत बांधाला लागून तोही, ज्याचं लांब तोही. आता मला सांगा, बांधावर भात पिकतं का? एक दाणा नाही. बांधाची कमाई काय? काही नाही. पण कोणी असं म्हटलं नाही की बांध पिकवत नाही, कशाला त्याच्यावर माती घालता. कारण बांध फुटला तर मागचं सगळं शेत खारं होतं, आणि खारं झालेलं शेत पुन्हा गोडं व्हायला वर्षं जातात.

मॅडम ऐकत होत्या.

मी म्हटलं, ही आमची म्हातारी काही पिकवत नाही. पण हिला दिसतं तेव्हा माझी सून सातिवलीला जाते, तिच्या हाताखाली बायका असतात, नातीचा क्लास चालतो, मुलाला टेम्पोच्या दोन फेऱ्या जास्त मारायला उसंत मिळते, कारण घरी काय झालं असेल हा घोर नसतो. तुम्ही म्हातारीची कमाई विचारता. म्हातारीच्या मागच्या शेताची विचारा. ही पडवी बघा. ही सगळी रिकामी बसलेली माणसं आजची मजुरी बुडवून बसलीत, आणि बरीचशी कितीतरी दिवस बुडवत आलीत. सरकारचं यात काहीच जात नाही असं वाटतं, कारण ते कुठे दिसत नाही. आणि ऑपरेशन किती वेळाचं? ती आतली बाई एक गाणं म्हणते तेवढ्या वेळाचं.

लक्षा म्हणाला, "खरा आहे."

मॅडमनी विचारलं, "मग बस काय वाईट आहे?"

"बस चांगली आहे. फुलं बघायला मिळतात. पण बस वर्षातून किती वेळा? आणि बसमध्ये माझ्यासारखे हट्टी चढतात. घराजवळ टेबल असेल तर म्हाताऱ्याला सून रिक्षाने नेईल, विचारणार पण नाही."

त्या हसल्या. म्हणाल्या, "हे असंच लिहून द्याल का? मी सांगितलं तर ते माझं मत होतं. तुम्ही लिहिलं तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी म्हटलं देतो. म्हणून हे सगळं.

तेवढ्यात जानकीची पट्टी सुटली. डॉक्टर म्हणाले, आजी, हळूहळू उघडा. तिने डोळा उघडला. दारातून समोरचा उतार दिसत होता. ती तिकडे बघत राहिली आणि म्हणाली, "लग्नातली नाय वं. जेवनातली हाय. कायपन सांगता."

परतीच्या रस्त्यात तिने काळ्या चष्म्यातून माझी प्रत्येक गोष्ट दुरुस्त केली. खिडकीची जागा तिची. वैतरणेच्या पुलावर इनासने सुकेळी पुढे केली, तर तिने आधी उलटून बघितली आणि म्हणाली, ही माशी बसलेली आहे, दुसरी द्या.

घरी

थेंब घालायचे, डोक्यावरून पाणी नाही, धुरापाशी जायचं नाही, असा महिना गेला. तो महिना सुरेखा होतीच. नाताळच्या आधीच्या सोमवारी तिने डबा भरला. मुलगा टेम्पो घेऊन पहाटेच गेलेला. मी ओट्यावर बसलो होतो, माझ्या मते लक्ष ठेवायला.

सुरेखा दारापर्यंत गेली आणि परत आली. चूल बघितली. पातेलं कडेपासून आत सरकवलं. पुन्हा दारात गेली, पुन्हा थांबली.

"आई, मी नाय गेली तर चालल. आजून आठवडा बसते."

जानकी पीठ मळत होती. हात पुसून ती दाराशी आली आणि सुनेच्या खांद्यावरून गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. आमच्या ओट्यापासून ते बरंच लांब आहे. मला तिथे काहीतरी उभं आहे एवढं कळत होतं.

"सातिवलीची रिक्षा हाय ती," ती म्हणाली. "मागं दोघी बसल्यात, एक लाल साडीवाली. तिसरी जागा जायल. पल."

सुरेखाने एकदा सासूकडे बघितलं आणि पळाली. मी लाल साडी शोधत होतो. रिक्षा वळली तेव्हा जानकी परत पिठाकडे गेली होती.

मॅडम, ती तिसरी जागा आता रोज भरते.